नरम पेडलचा माग काढताना: आमची वाटचाल

वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आम्ही सगळीच कामं घ्यायचो. इंजिन, क्लच, सस्पेन्शन, वायरिंग, जे येईल ते. फक्त ब्रेक, आणि तेही जुन्या गाड्यांचे, हे पुढे ठरलं. दोन-तीन ठिकाणी फिरून शेवटी आमच्या दारात येणाऱ्या गाड्यांमुळे ते ठरलं. तक्रार एकच असायची: पेडल नरम लागतं, खाली जातं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपमध्ये ढकलणारा पंप) नवा, ऑइल नवं, आतली एअर (हवा) कितीदा तरी काढलेली, आणि पेडल होतं तसंच. मालकाकडे बिलांची चळत, आणि तरीही ब्रेकवर पाय ठेवताना मनात धास्ती. ही धास्ती घेऊन कुणी आपल्या माणसांना गाडीत बसवावं हे आम्हाला पटेना.

पेडल नरम म्हटलं की हात आधी निपलकडे, म्हणजे चाकाशी एअर सोडायच्या छोट्या तोंडाकडे जातो. एअर हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे हे खरं. पण कारणं इतरही बरीच असतात आणि प्रत्येक कारण पायाला वेगळं जाणवतं. म्हणून आम्ही एक नियम केला, तो आजतागायत पाळतो. गाडी जॅकवर घेण्याआधी पेडल तपासायचं आणि जे जाणवेल ते जॉब कार्डवर लिहायचं.

आधी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबायचं, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून धरायचा. पंप मारल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर बहुधा मागचे लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब गेलेले असतात. ते अंतर राखणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो. वर येऊनही स्प्रिंगसारखं लवत राहिलं तर आत एअर आहे, किंवा जुना होज पाइप दाबाखाली फुगतोय. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरांवर. तेवढ्यावरही आम्ही मास्टर बदलत नाही. त्याची तोंडं प्लगने बंद करून पुन्हा पेडल दाबतो. दगडासारखं घट्ट लागलं तर मास्टर निर्दोष, फॉल्ट पुढे पाइपमध्ये किंवा चाकाशी शोधायचा. ही एक तपासणी कितीतरी मास्टर भंगारात जाण्यापासून वाचवते. शेवटी, पाय दाबून ठेवूनच इंजिन सुरू करायचं. तेव्हा पेडल थोडं खाली जातं. ते बूस्टर काम करत असल्याचं लक्षण, पण पुष्कळ मालक त्यालाच बिघाड समजून घाबरतात.

एक गाडी मात्र विसरता येत नाही. पुढचे दोन्ही कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) कुठेतरी उतरवून पुन्हा बसवलेले होते. एअर काढायला घेतली की पारदर्शक नळीतून स्वच्छ ऑइल यायचं, एक बुडबुडा दिसायचा नाही, आणि पेडल मात्र लिबलिबीत. टॉर्च घेऊन चाकामागे डोकावलं तेव्हा दिसलं, निपल कॅलिपरच्या खालच्या कडेला होता. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसला होता. हवा नेहमी वर जाऊन बसते. निपल खाली असला तर दिवसभर ऑइल सोडलं तरी ती निघणार नाही. कॅलिपर आपापल्या बाजूला बसवले, निपल वर आले, आणि पहिल्याच झटक्यात नळीतून मोठा फुगा निघून बाटलीत फुटला. तेव्हापासून निपलची जागा पाहणं हे आमच्या कार्डवरचं पहिलं काम झालं.

एअर काढण्याच्या पद्धतीवरून नव्याने आलेल्या मुलांशी आमचे वादही झाले. त्यांना पेडल थेट तळापर्यंत हाणायची सवय असते. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच बोअर (आतली पोकळ नळी) गुळगुळीत राहतो. पुढच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ साचतो. रबर त्यावर घासलं की कापलं जातं, आणि चांगला मास्टर त्याच दिवसापासून ऑइल सोडायला लागतो. म्हणून आमच्याकडे पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्याशिवाय कुणी पंप मारत नाही.

ऑइलबद्दल आम्ही कडक आहोत, आणि राहणार. डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार हवेतलं पाणी शोषतात. ताज्या डॉट 4 चा उकळबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस; सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं की त्याची किमान मर्यादा 155 वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की हे पाणी उकळतं, वाफ होते, आणि सकाळी ठणठणीत असलेलं पेडल तळाला जातं. कुणी चुकून इंजिन ऑइल ओतलं असेल अशी शंका आली तर रिझर्व्हॉयरमधला (ब्रेक ऑइलच्या टाकीतला) थेंब पाण्यात टाकून पाहतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल तरंगतं. तरंगलं तर सगळी रबरं फुगलेली समजायची आणि किट, होज सकट सगळं बदलायचं.

धंदा म्हणून पाहिलं तर सुरुवात अवघड गेली. तपासणीचे पैसे बिलात वेगळे लावायला लागलो तेव्हा काही गिऱ्हाइकं निघून गेली. जी राहिली त्यांनी इतरांना पाठवलं. हळूहळू प्रेशर ब्लीडर (दाबाने एअर काढायचं यंत्र) आला, पाइपची तोंडं वळवायचं हत्यार आलं, बोअर मोजायचा गेज आला. गेज फार उपयोगी पडला. जुन्या गाडीचा मूळ मास्टर मिळत नाही म्हणून जवळपासच्या मापाचा बसवलेला असतो, आणि 20.64 मिलिमीटरच्या जागी 19.05 चा बसला तर तेवढंच ऑइल ढकलायला पेडलला जास्त प्रवास करावा लागतो. मूळ मास्टर हाती असेल तर आम्ही त्यात स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतलं नळीसारखं अस्तर) बसवून घेतो. ते काम वेळखाऊ असतं, पण माप बदलत नाही.

आता एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्याही जुन्या होऊन येऊ लागल्यात. काही गाड्यांत युनिटमध्ये अडकलेली हवा स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह चालवल्याशिवाय निघत नाही, म्हणून तोही घेतला. टेस्ट राइड झाल्यावर गाडी रात्रभर ठेवतो आणि सकाळी थंड पेडल पुन्हा बघतो. प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवतो.

गाडी आणणाऱ्यांना एकच विनंती. रिझर्व्हॉयर भरून आणू नका. पातळी किती उतरली आहे यावरून पॅड झिजलेत की कुठे गळतंय याचा आम्हाला अंदाज येतो. आणि पेडल तळाला टेकत असेल तर गाडी चालवत आणू नका, टो करून आणा.