गंजी केंद्रातली म्हैस

2019 चा ऑगस्ट. नागपंचमी होऊन तीन दिवस झाले होते आणि आमच्या शाळेत वर्गांऐवजी संसार मांडलेले. वेदगंगा निम्म्या गावात शिरली होती, यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर हायवे पाण्याखाली, लाईट गेलेली. निपाणी तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेतली मी बाई. त्या दिवसांत माझ्याकडं काम एकच, रजिस्टर. कोण आलं, किती ताटं लागणार, काय बुडालं. सगळं कन्नडमध्ये भरायचं.

पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला कर्नाटकात 'गंजी केंद्र' म्हणतात. कन्नडमध्ये गंजी म्हणजे पेज. आमच्याकडं गंजी म्हणजे रचून ठेवलेला कडबा.

अकराच्या सुमाराला आप्पा आले. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात म्हशीचं दावं. म्हैस थेट व्हरांड्याच्या पायरीला आणून उभी केली.

"बाई, गंजी कुठं हाय?"

"आत बसा आप्पा, भात होतोय."

"भात मानसांस्नी. हिला गंजी दावा. बोर्ड लावलाय न्हवं तुमी?"

दोन रात्री त्या खोल्यांमधून 'तुमची भिंत ऱ्हायली का' यापलीकडं बोलणं नव्हतं. आधी एक पोरगी फिसकन हसली, मग बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी मात्र मास्तरकीच्या सवयीनं दोन्ही भाषांतला अर्थ नीट समजावून सांगितला. आप्पांनी शांतपणे ऐकलं. "मग तसं लिवायचं की वो. म्या हिला कंबरभर पाण्यातनं आनली." तोवर कुणीतरी उसाचं वाडं आणून टाकलं होतं आणि म्हैस हापशाला बांधलीसुद्धा.

चहा तोपर्यंत क्षीरभाग्यच्या दूध पावडरीचा चालला होता. शाळेतल्या पोरांना दूध देण्याची ही योजना 2013 पासूनची, तिची पाकिटं कपाटात होती. एक आजी त्याला चुन्याचं पाणी म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. संध्याकाळी आप्पा बादली घेऊन बसले. कासेवर पाणी मारलं, थानं चोळली, पण म्हैस पान्हा सोडेना. भोवती पन्नास माणसं वाकून बघत होती. "सरका तिकडं! लाजती ती," आप्पा ओरडले. सगळे आज्ञाधारकपणे पाठ करून उभे राहिले, हेडमास्तरसुद्धा. मग बादलीत धार वाजली.

एवढ्या माणसांत तीन-साडेतीन लिटर दूध म्हणजे रंगापुरतंच. पण एकीच्या गाठोड्यात आलं निघालं. निम्मा निम्मा पेला आला वाट्याला. मी तो इतका हळू प्यायले की वर साय धरली.

तेवढ्यात पंचायतीचे साहेब आले. "एम्मी यारद्री?" म्हैस कुणाची, म्हणून. जनावरांची सोय दुसरीकडं होती, ते चिडणारच. मी शब्द जुळवायला लागले, तोवर आप्पा पुढं झाले. "नंद्री साहेबर..." आणि जी काही कन्नड सुरू झाली! माझी नोकरीची परीक्षा पास झालेली कन्नड तिच्यापुढं काहीच नव्हती. साहेब चहा पिऊन गेले, म्हैस राहिली.

"आप्पा, तुम्हाला कन्नड येतं?"

"चाळीस वर्सं चिकोडीच्या बाजारात जनावरं इकतोय. गंजी कळत न्हाई व्हय मला?"

"मग सकाळी?"

"सरळ इचारलं असतं, तर आत घेतलं असतं तुमी हिला?"

नसतंच घेतलं. रजिस्टरात म्हशीला रकाना नव्हता.

आप्पा म्हशीच्या कानातला चिखल बोटानं काढत होते. तसंच, माझ्याकडं न बघता म्हणाले, "माजी गेली वो वाहून. परवा राती. हजार पेंडी हुती."

मी नुकसानीचं पान काढलं. पेन टेकवणार, तोच ते वाकून बघायला लागले.

"गंजी लिवू नका हां बाई. हापिसात म्हनतील, म्हाताऱ्याची पेज सांडली."