आडनाव एक, सातबारा वेगळे: एक्सएसडीतून निघालेल्या क्लासेसशी माझी झटापट

स्विफ्टने, म्हणजे जगभरच्या बँकांमधल्या मेसेजच्या जाळ्याने, परदेशी पेमेंटचे जुने एमटी मेसेज सोडून आयएसओ २००२२ या मानकाच्या एक्सएमएलकडे (टॅगांत बांधलेल्या मजकुराकडे) जायला २० मार्च २०२३ ला सुरुवात केली. दोन्ही प्रकार २२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत शेजारी शेजारी चालणार होते. त्या काळात मी पुण्यात एका बँकेच्या पेमेंट प्रोजेक्टवर होते आणि माझ्या वाट्याला पाच मेसेज आले: पॅक्स ००८, पॅक्स ००९, पॅक्स ००४, पॅक्स ००२ आणि कॅम्ट ०५६ (हा पेमेंट रद्द करायच्या विनंतीचा).

सुरुवात सोपी वाटली. एक्सएसडी (मेसेजचा साचा सांगणारी स्कीमा फाइल) घ्यायची, एक्सजेसी (तिच्यातून कोड काढणारा प्रोग्राम) चालवायचा, जावाचे क्लास तयार. पाच एक्सएसडी, पाच पॅकेजं. मग पहिलंच काम आलं: पैसे पाठवणाऱ्याचा पत्ता एका ओळीत करून स्क्रीनिंगला (निर्बंधांच्या यादीशी पडताळायला) द्यायचा. पत्त्याचा क्लास होता पोस्टलअ‍ॅड्रेस२४. पाचही पॅकेजांत तोच, त्याच नावाचा, त्याच फील्डांचा. पण आयएसओच्या प्रत्येक मेसेजचा नेमस्पेस (नावांभोवतीचं कुंपण) स्वतंत्र असतो, म्हणून जावाच्या लेखी हे पाच जण एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. आडनाव एक, सातबारा वेगळे.

मी तेच केलं जे घाईत सगळे करतात. एक मेथड लिहिली आणि पाच ठिकाणी चिकटवली.

मग पत्त्याचा नियम बदलला. आधी पत्ता एक तर पूर्ण सुट्या टॅगांत असायचा, नाहीतर नुसत्या ओळींत. आता हायब्रिड आला: शहर आणि देश आपापल्या टॅगात, उरलेलं जास्तीत जास्त दोन ओळींत. आपल्याकडच्या पत्त्यांसाठी हे बरंच म्हणायचं, कारण ‘मारुती मंदिरामागे, दुसरा मजला’ याला रस्त्याचं नाव म्हणायचं की इमारतीचा क्रमांक, हे कोण ठरवणार? मी चार ठिकाणी दुरुस्ती केली. कॅम्ट ०५६ राहून गेला. रद्द करायच्या पेमेंटमध्ये पत्ता अर्धाच जातोय, हे तीन आठवड्यांनी लक्षात आलं.

तेव्हा ठरवलं की कोड एकाच जागी हवा. पाचही एक्सएसडी एकाच पॅकेजात काढून पाहिल्या. एक्सजेसीने ‘या नावाचा क्लास आधीच वापरात आहे’ म्हणत हात वर केले. मग एपिसोड फाइलच्या मागे एक दिवस घालवला. एका स्कीमाचे तयार क्लास दुसऱ्या स्कीमासाठी वापरायची ती रीत आहे खरी, पण एक स्कीमा दुसरीला, किंवा दोन्ही मिळून एका सामायिक स्कीमाला इंपोर्ट करत असतील तरच तिचा उपयोग. इथे सामायिक काही नव्हतंच, जो तो आपला संसार पाठीवर घेऊन फिरतो. जनरेट झालेल्या फायलींत हाताने कोड लिहायचा विचारही कोणीतरी मांडला. पुढच्या बिल्डला तो पुसला जाणार हे सांगितल्यावर विषय मिटला.

मग सापडला सुपरक्लास. एक्सजेसीला सूचना देणाऱ्या बाइंडिंग फाइलच्या ग्लोबल भागात एक ओळ लिहायची, एक्सजेसीला एक्स्टेन्शनचा फ्लॅग द्यायचा, की झाडून सगळे क्लास तुम्ही सांगाल त्या बेसक्लासचे वारस होतात. मी खूश. त्याच उत्साहात बेसक्लासमध्ये एक सोर्सफाइल नावाची प्रॉपर्टी टाकली, गेटर-सेटरसकट (ती वाचणारी आणि भरणारी मेथड). कुठला मेसेज कुठल्या फाइलमधून आला ते लॉगमध्ये दिसावं, एवढाच हेतू. टेस्ट हिरव्या.

दोन दिवसांनी आमची टेस्टर खुर्ची ओढत माझ्याकडे आली. “अगं, ही सोर्सफाइल काय भानगड आहे? बँकेने सगळे मेसेज परत पाठवलेत.”

एक्सएमएल उघडलं. डॉक्युमेंटच्या आत सगळ्यात वर, खऱ्या मजकुराच्याही आधी, सोर्सफाइलचा टॅग आणि त्यात आमच्या सर्व्हरवरच्या फोल्डरचा अख्खा पत्ता. नशीब, टेस्ट सिस्टीम होती. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. जनरेट झालेल्या क्लासवर ‘फक्त फील्ड बघ’ अशी खूण असते. माझ्या बेसक्लासवर कसलीच खूण नव्हती, आणि खूण नसली की जॅक्सबी (क्लासमधल्या माहितीचं एक्सएमएल करणारी जावाची लायब्ररी) सार्वजनिक गेटर-सेटरची जोडी शोधतो आणि तिचा टॅग करतो. वारसाच्या आधी बेसक्लासचा मान, म्हणून टॅग सगळ्यात वर. टेस्ट का पास झाल्या? तिथे मी ती प्रॉपर्टी भरलीच नव्हती, आणि रिकामी (नल) प्रॉपर्टी जॅक्सबी लिहीतच नाही.

बेसक्लासवर एक्सएमएल-ट्रान्झियंट (‘हे एक्सएमएलमध्ये घेऊ नको’ अशी खूण) लावलं, तर प्रोग्राम सुरूच होईना. क्लासला ट्रान्झियंट केलं की त्याच्या प्रॉपर्टी नाहीशा होत नाहीत, वारसाच्या खात्यात जमा होतात. आणि वारसाच्या प्रॉप-ऑर्डरमध्ये (प्रॉपर्टींच्या क्रमाच्या यादीत) सोर्सफाइल नाही, अशी तक्रार आली. शेवटी ट्रान्झियंट गेटरवरच लावलं तेव्हा शांत झालं. पण तोवर माझं मन उडालं होतं. मुळात पत्त्याचा प्रश्न तसाच होता. सगळ्यांच्या बापाला पत्ता म्हणजे काय हे कशाला माहीत असायला हवं?

उत्तर इंटरफेसमध्ये, म्हणजे क्लासने कुठल्या मेथड द्यायच्या याच्या करारात, निघालं. इनहेरिटन्स नावाचा एक प्लगिन एक्सजेसीला जोडता येतो. बाइंडिंग फाइलमध्ये एक्सपाथने (एक्सएमएलमधली नेमकी जागा दाखवायच्या भाषेने) पोस्टलअ‍ॅड्रेस२४ वर बोट ठेवायचं आणि सांगायचं, हा क्लास अमुक इंटरफेस पाळतो. पाच स्कीमा, पाच नोंदी. इंटरफेसमध्ये रस्ता, पिन, शहर, देश, ओळी एवढे गेटर लिहिले. नावं एक्सजेसीने काढलेल्या गेटरशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे वेगळं काही करावंच लागलं नाही. पत्ता एका ओळीत करणारी मेथड तिथेच डीफॉल्ट म्हणून लिहिली. जुन्या पाचही कॉप्या डिलीट केल्या, त्या दिवशी चहा मी पाजला.

एका ठिकाणी पुन्हा अडले. मेसेजमधल्या व्यवहारांच्या यादीसाठी असाच इंटरफेस केला आणि गेटरचा प्रकार ‘व्यवहारांची लिस्ट’ असा लिहिला. कंपाइल होईना, कारण पॅक्स ००८ च्या व्यवहारांची लिस्ट ही जावासाठी नुसत्या व्यवहारांची लिस्ट नव्हे. प्रश्नचिन्ह आणि एक्स्टेंड्स लावून ‘व्यवहाराच्या कुठल्याही प्रकाराची लिस्ट’ असं लिहिलं आणि गाडी सुटली.

सेटरचं मात्र जमलं नाही. गेटरने परत देताना इंटरफेसपेक्षा जास्त नेमका प्रकार दिला तर जावाला चालतं, सेटरने घेताना चालत नाही. त्यामुळे मेसेज वाचणारा कोड एक झाला, मेसेज बनवणारे बिल्डर अजून पाच आहेत. पुढे एका मेसेजची नवी आवृत्ती आली, टाइपच्या नावापुढचा आकडा बदलला आणि एक्सपाथला काही सापडत नाही म्हणत बिल्ड पडला. बाइंडिंग फाइलमधला आकडा बदलला, पाचच मिनिटं लागली. त्याच मेसेजच्या बिल्डरला पूर्ण दुपार गेली.