तीस मिलीचा पेला

परवा ऑपरेशन. वजन कमी करण्यासाठीचं, स्लीव्ह. म्हणजे जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढणार आणि उरणार केळ्याएवढी नळी. आजचा दिवस तिच्या सरबराईत गेला.

सकाळी तुळशीबागेत छोटी वाटी, बाळाचा चमचा आणि 30 मिलीचे पेले घेतले. दुकानदार काका हसून म्हणाले, "बाळ किती महिन्यांचं?" म्हटलं, "चव्वेचाळीस वर्षांचं." काका गप्पच!

पहिले काही दिवस नुसतं पातळ, तेही घोट घोट. स्ट्रॉ नको, सोडा तर नकोच. मग मुगाच्या डाळीचं पाणी, भाज्यांचं सूप गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. हवे तेवढे खडे काढायचे नि गरम करायचे. पुढे दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रोटीन गाठायचं आहे, म्हणून पावडरही आणली. व्हॅनिला म्हणे, वास मात्र ओल्या पुठ्ठ्याचा. ताकात ढवळून पाहिली, ते त्याहून भयंकर.

बॅगेत सैल गाऊन, लांब वायरचा चार्जर आणि खोकताना पोटाशी धरायला छोटी उशी.

सासूबाईंनी मात्र डिंकाचे लाडू वळलेत. "एवढं मोठं ऑपरेशन, अंगात ताकद नको?" त्यांना काय समजावणार? डबा मुलाच्या खोलीत ठेवला. ठेवण्याआधी झाकण उघडून वास घेतला. दोनदा.