तुम्ही विचारलंत म्हणून: रीडिंगचा स्कोअर नेमका कुठे अडतो?

मी एसएटीची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करून घेते हे कळलं की पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "गणितात बरे मार्क पडतात, पण रीडिंगचा स्कोअर काही हलत नाही. अजून किती सराव परीक्षा सोडवायच्या?"

माझं म्हणणं असं की सोडवणं कमी करा आणि सोडवलेलं तपासणं वाढवा. ज्या पद्धतीने वाचून उत्तर चुकलं, त्याच पद्धतीने आणखी शंभर उतारे वाचले तर ती पद्धतच पक्की होते.

त्याआधी अडचण वाचनाचीच आहे ना, हे बघा. डिजिटल एसएटीत रीडिंग आणि रायटिंग एकाच विभागात येतात: 64 मिनिटांत 54 प्रश्न, 27-27 चे दोन भाग. त्यातले साधारण पाव प्रश्न व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे असतात. कित्येकदा "वाचन कच्चं आहे" म्हणून आलेल्या मुलाचे निम्मे मार्क स्वल्पविराम आणि अर्धविरामात गेलेले असतात. ते नियम शिकता येतात आणि लवकर शिकता येतात, म्हणून त्यावर इथे थांबत नाही.

खरं वाचन जिथे चुकतं, तिथे बहुतेक वेळा उतारा समजलेला असतो. चूक होते ती पर्याय निवडताना. मी मुलांना देते त्यातला, माझाच रचलेला एक छोटा उतारा घ्या: "ज्या शेतांच्या कडेला रानफुलं होती, तिथे संशोधकांना मधमाश्यांच्या जास्त जाती आढळल्या. मधमाश्यांची एकूण संख्या मात्र इतर शेतांइतकीच होती." यावरून काय म्हणता येईल? एक पर्याय सांगतो की रानफुलांमुळे मधमाश्यांची संख्या वाढते. दुसरा म्हणतो, परागीभवनासाठी रानफुलं महत्त्वाची आहेत. तिसरा म्हणतो, रानफुलं काढली तर मधमाश्यांच्या बहुतेक जाती नष्ट होतील. चौथा फक्त एवढंच म्हणतो की रानफुलं असलेल्या शेतांत विविधता जास्त दिसली, संख्या नाही.

हुशार मुलं सर्रास दुसरा पर्याय निवडतात, कारण तो खरा आहे! शाळेत शिकलेला आहे, ऐकायला शहाणा वाटतो. पण उताऱ्यात परागीभवनाचा शब्दही नाही. पहिला पर्याय निवडणारे "मात्र" वरून घसरतात. तिसऱ्यात "नष्ट होतील" ही उडी आहे, लेखकाने ती मारलेलीच नाही. राहिला चौथा. तो इतका साधा दिसतो की मुलांना त्याचा संशय येतो. या परीक्षांमध्ये बरोबर उत्तर पुष्कळदा असंच बेताचं बोलणारं असतं, आणि हे एकदा अंगवळणी पडलं की स्कोअर हलायला लागतो.

म्हणून मी वही करायला लावते. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर दोनच गोष्टी लिहायच्या: मी निवडलेला पर्याय कोणत्या शब्दामुळे बाद होतो, आणि बरोबर पर्यायाला उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांचा आधार आहे. "घाईत चुकलं" हे कारण मी चालवून घेत नाही. त्यातून पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते कळत नाही. नशिबाने बरोबर आलेले प्रश्नही याच वहीत यायला हवेत. काही दिवसांत मुलाला स्वतःच दिसतं की आपण सतत अतिरेकी पर्यायांनाच भुलतो, किंवा "परंतु", "तरीही" नंतरचं वाक्य निसटतं वाचतो.

वेळेची तक्रारही यातच येते. एका प्रश्नाला सरासरी 71 सेकंद मिळतात आणि उतारे 25 ते 150 शब्दांचे असतात, म्हणजे नीट वाचायला वेळ पुरतो. मुलं उतारा भरभर उरकतात आणि मग दोन पर्यायांमध्ये हेलपाटे घालत बसतात. उतारा एकदाच, सावकाश वाचा, पर्याय झाकून उत्तर आपल्या शब्दांत ठरवा आणि मगच पर्याय बघा. एसीटी या तशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेतही हेच लागू पडतं, फक्त तिथले उतारे लांब असतात. दोन्ही परीक्षांत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

आता जे पालकांना फारसं आवडत नाही ते. एका मर्यादेपुढे स्कोअर वाढतो तो जगाची माहिती वाढल्यावरच. डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात तरबेज पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. एसएटीत आज पेशींवर, उद्या एखाद्या चित्रकारावर, परवा एकोणिसाव्या शतकातल्या कथेवर उतारा येतो. विषयाची तोंडओळख असली की मन मोकळं राहतं आणि लेखक नेमकं काय म्हणतोय याकडे लक्ष देता येतं. म्हणून रोज अनोळखी विषयावरचं पान-दोन पानं वाचावं आणि लेखकाचा दावा काय, तो कशाच्या आधारावर, हे एका वाक्यात सांगावं. ही सवय मराठी वाचूनही लागते. लांबलचक इंग्रजी वाक्यं पचवायला मात्र इंग्रजीच वाचायला हवं.

मुलगा आठवी-नववीत असेल तर आत्ता वाचनच करू द्या, सराव परीक्षांना हातही लावू नका. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर वही सुरू करा. ब्लूबुक या एसएटीच्या ॲपमधल्या अधिकृत सराव परीक्षा मोजक्याच आहेत; त्या एका सुट्टीत संपवू नका. एक सोडवली की तिच्या तपासणीला दोन-तीन दिवस द्या आणि मगच पुढची उघडा.