बाईंच्या नामांकनाची फाईल

आमच्या प्रोफेसर बाईंचं नाव पुरस्कारासाठी पाठवायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न होता, कोणत्या पुरस्कारासाठी? इंटरनॅशनल सोसायटी ऑफ पोलिटिकल सायकॉलॉजी ही राजकीय मानसशास्त्राची, १९७८ साली स्थापन झालेली संस्था असे बरेच पुरस्कार देते, आणि त्यांतल्या बहुतेकांना कुणा ना कुणा अभ्यासकाचं नाव आहे. मी तेव्हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला बाईंच्या प्रकल्पावर काम करत होते. नामांकनपत्रावर सही विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची असणार होती. कागद जमवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

एरिक एरिक्सन यांच्या नावाचा पुरस्कार नव्या अभ्यासकांसाठी होता, तो बाद. अलेक्झांडर जॉर्ज यांच्या नावाचा पुस्तकाला मिळतो आणि बाईंचं सगळं काम शोधनिबंधांत नि अहवालांत. उरले दोन. हॅरल्ड लासवेल यांच्या नावाचा पुरस्कार शास्त्रीय योगदानासाठी. या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने, लासवेलनी, १९३० सालीच मांडून ठेवलंय की राजकारणी माणूस आपल्या खाजगी ऊर्मी सार्वजनिक गोष्टींवर वळवतो आणि वर त्याला लोकहिताचा मुलामा देतो. (आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या पारावर हे कुणीही सांगेल, पण असो.) नेव्हिट सॅनफर्ड यांच्या नावाचा पुरस्कार मात्र हे शास्त्र प्रत्यक्ष व्यवहारात उतरवणाऱ्यांसाठी आहे.

सहकाऱ्याचा आग्रह लासवेलचा होता, कारण तो जास्त मानाचा समजला जातो. मी सॅनफर्डच्या बाजूने होते, आणि त्यात थोडा भाग त्या माणसाच्या चरित्राचाही होता. 'द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी' हा हुकूमशाहीकडे झुकणाऱ्या स्वभावावरचा ग्रंथ लिहिणाऱ्या चौघांपैकी सॅनफर्ड एक. तो १९५० साली छापून आला आणि त्याच वर्षी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, आपण कम्युनिस्ट नाही अशा निष्ठेच्या शपथेवर सही करायला नकार दिला म्हणून त्यांची नोकरी गेली. एरिक्सननीही त्याच वादात बर्कली सोडलं. पुढे १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपावरून गांधीजींचं मन उलगडणारं पुस्तक लिहिलं ते त्यांनीच. शेवटी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सिद्धान्त मांडला नाही, तपासला. सॅनफर्डच ठेव."

खरंच होतं ते. परस्परविरोधी गटांतली माणसं एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतात, पण त्यासाठी दोघांचा दर्जा समान हवा, काम सामायिक हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनी १९५४ सालीच लिहिलं. बाईंनी ते उत्तर आयर्लंडच्या शाळांत नेऊन पाहिलं. तिथे आजही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या एकमेकांशी झगडत आलेल्या दोन समाजांची मुलं बहुतांशी वेगवेगळ्या शाळांत जातात. पहिली एकत्रित शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ साली निघाली तरी अशा शाळांत आज शेकडा जेमतेम सात-आठ मुलं आहेत. पोरगं कुठल्या बाजूचं हे त्याच्या ब्लेझरवरून कळतं.

मग सुरू झालं शिफारसपत्रं जमवणं. पहिली आली ती बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांची, आणि वाचताना मला आपल्याकडच्या गौरवग्रंथांची आठवण झाली. व्यासंग, ऋजुता, वात्सल्य, शाल-श्रीफळ तेवढं बाकी. असल्या पत्राने निवड समितीच्या हाती काहीच लागत नाही. समितीतले लोक बाईंना ओळखत नसतात आणि प्रत्येक उमेदवार ऋजूच असतो. मी सगळ्यांना परत लिहिलं: बाईंच्या कामामुळे कुठे काय बदललं, तेवढंच सांगा. दोघेजण रागावले. एकाने तर पत्रच मागे घेतलं, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

खरं पत्र आलं एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेकडून, तेही एका पानाचं. त्यांची शाळा आणि पलीकडच्या समाजाची शाळा एकाच रस्त्यावर. मारामारी नको म्हणून दोन्ही शाळा सुटण्याच्या वेळांत वीस मिनिटांचं अंतर ठेवलेलं होतं, आणि ते इतकं जुनं की कुणी ठरवलं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंच्या टीमने मुलांशी बोलून दाखवलं की पलीकडच्या मुलांबद्दलची भीती त्या वीस मिनिटांमुळे उलट वाढते, कारण 'लांब ठेवतात म्हणजे काहीतरी असणारच'. आधी दोन वर्गांचे विज्ञानाचे तास एकत्र घेतले. मग घंटा एका वेळेला केली. पहिला आठवडा सगळे शिक्षक फाटकावर उभे होते.

नामांकनपत्र मी या घंटेपासूनच सुरू केलं. सहकाऱ्याला ते बालिश वाटलं. त्याला सुरुवातीला शोधनिबंधांची संख्या हवी होती. बरीच ओढाताण झाल्यावर संख्या दुसऱ्या परिच्छेदात गेली. सगळ्यात वेळखाऊ भाग बाईंचा परिचय. त्या माहिती पुरवतच नव्हत्या. वेगवेगळ्या समाजांच्या मुलांना एकत्र शिकवण्याला चालना देणारा २०१६ चा शेअर्ड एज्युकेशन कायदा होण्याआधी समित्यांपुढे त्या काय बोलल्या, ते शेवटी त्यांच्या कपाटातल्या खोक्यांतून मीच शोधलं. मुदतीच्या आदल्या रात्री सगळं एका पीडीएफमध्ये बसवलं आणि पाठवून दिलं.

त्या वर्षी पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. ईमेल दोन ओळींचा होता. सहकारी म्हणाला, "लासवेलला पाठवायला हवं होतं." मला तसं आजही वाटत नाही, त्या यादीत आमची घंटा शंभर सिद्धान्तांखाली दबली असती. बाईंनी मात्र मुख्याध्यापिकेच्या पत्राची प्रत मागून घेतली. शाळांच्या पुढच्या टप्प्याच्या अनुदानाचा अर्ज भरायचा होता, त्याला जोडायला.