सात शाफ्ट आणि २० डिग्री

पॉलिटेक्निकला मेट्रॉलॉजी, म्हणजे मोजमापाचं शास्त्र, शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली. मोजमापाचं स्टँडर्ड तापमान, म्हणजे वस्तूचं माप ज्या तापमानाला धरायचं ते, २० डिग्री सेल्सिअस, १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते, मुलं अंडरलाइन करतात, आम्ही पुढं जातो. मे महिन्याच्या सुट्टीत भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला चार आठवडे ट्रेनिंगला गेले आणि तिसऱ्याच दिवशी त्या वाक्याने मला गाठलं.

सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, शाफ्टचं हार्ड टर्निंग (कडक केलेलं स्टील कापणं) चाललं होतं, कूलंट म्हणजे गार करणारं द्रव न वापरता. ८० एमएम डायामीटर, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापातली चालणारी सूट) एच सिक्स, म्हणजे ८०.००० ते ७९.९८१ मध्ये बसला तर पास. ऑपरेटरना सगळे मामाच म्हणायचे. मामा चहाला गेलेले, मशीनवर नवा ट्रेनी पोरगा होता, मी आत्ताच उतरलेला जॉब, म्हणजे तयार शाफ्ट, घेतला आणि मायक्रोमीटर लावला तर ८०.००९. परत लावला, तेच. म्हटलं अरे, हा अप्पर लिमिटच्या बाहेर चाललाय. तो म्हणाला मामांनी असाच ठेवायला सांगितलाय, तर मी त्याला ड्रॉइंग दाखवलं, आणि मॅडम सांगतायत म्हटल्यावर त्या बिचाऱ्याने १५ मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) ऑफसेट देऊन टाकला, म्हणजे मशीन तेवढं जास्त कापणार. पुढचा जॉब ७९.९९४ आला. मला बरं वाटलं.

मामा येईपर्यंत सात जॉब झाले होते. त्यांनी एका जॉबला नुसता हात लावला आणि विचारलं, ऑफसेट कोणी दिला? पोरगं गप्प. मी म्हटलं, मी सांगितलं. ते ओरडले नाहीत.

"मॅडम, जॉब गरम आहे. गरम असताना आठ-दहा प्लसच दिसला पाहिजे, थंड झाला की बसतो. आता हे सगळे मायनसला जाणार."

आणि गेलेच. स्टँडर्ड रूमच्या एसीत ठेवून थंड झाल्यावर मोजले, सगळे ७९.९७६ च्या आसपास. मोठा असता तर परत काढता आला असता, लहान झालेल्या शाफ्टला मटेरियल कुठून लावणार? सातही लाल बिनमध्ये, म्हणजे रिजेक्ट. पोराच्या नावावर लागू नये म्हणून सुपरवायझरकडे जाऊन मीच सांगितलं, पण रात्री झोप आली नाही.

घरी वहीत गणित मांडलं. स्टील मीटरला एका डिग्रीमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब मायक्रोमीटरपेक्षा २० डिग्रीने गरम धरला तर ८० एमएमला १८ मायक्रॉन, म्हणजे १९ मायक्रॉनचा जवळजवळ अख्खा टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्ला. असलं गणित मी स्वतः पेपरात घातलंय! दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "हे मुलांना शिकवत नाही का तुम्ही?" शिकवतो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं, तरी बोलताना माझा आवाज लहान झाला. मग त्यांनीच दाखवलं, मायक्रोमीटर फार वेळ मुठीत धरायचा नाही, हाताच्या उबेने फ्रेमसुद्धा वाढते, म्हणून तर फ्रेमला त्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. अकरा वर्षं तो मायक्रोमीटर मुलांच्या हातात देत आले आणि पट्ट्या कशाला असतात हे एकदाही बोलले नव्हते.

आमच्यातले काहीजण कंपनीत न जाताच ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर सही आणतात, प्रमोशनच्या फाईलला लागतं म्हणून. मला त्याचा खरंच राग येतो, कारण वर्गातल्या मुलांचं काय जातं ते मी आता बघितलंय.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिलं प्रॅक्टिकल मी बदललं. स्टीलचा गोल जॉब गरम पाण्यातून काढून पुसायचा, दर पाच मिनिटांनी मोजायचा, थंड होईपर्यंत, आणि रीडिंगशेजारी तापमान लिहायचं. तापमान नसेल तर जर्नलवर सही नाही. आधी अख्ख्या बॅचचं रीडिंग सारखं यायचं, एकाने मोजायचं नि बाकीच्यांनी उतरवायचं, आता प्रत्येक ग्रुपचा ग्राफ वेगळा येतो आणि का वेगळा यावर भांडणं होतात.

परवा बेल झाली, बॅच निघाली, एक मुलगी टेबलाशीच थांबलेली. "मॅडम, रीडिंग अजून खाली येतंय, जॉब कोमट आहे. आहे ते लिहू का थांबू?"

थांब म्हटलं, आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.