तेल बंद केलं तरी ट्रायग्लिसराइड २४८: फॅट आणि कार्बचा मेळ बसवतानाचा माझा अनुभव

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण म्हटलं आधी लागोपाठ दोन रिपोर्ट नीट येऊ देत, मगच लिहू. परवा दुसरा आला म्हणून आज बसले. जरा लांबेल, पण ज्यांच्या रिपोर्टात शुगर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातलं फॅट) दोन्ही थोडे थोडे वर सरकलेत त्यांनी वाचाच, कारण मी जी दोन टोकं गाठून आले ती दुसऱ्या कुणाला गाठावी लागू नयेत असं मनापासून वाटतं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. वय ४३, वजन ७८ किलो, कमरेचा घेर ९४ सेंमी. नेहमीची तपासणी म्हणून रक्त दिलं आणि फास्टिंग शुगर ११२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ६.१, ट्रायग्लिसराइड २४८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ असं सगळं आलं. बीपी तेवढं ठीक होतं. डॉक्टरांनी कागद उलटा करून मागे पाच ओळी लिहिल्या: कंबर, ट्रायग्लिसराइड १५० च्या वर, एचडीएल बायकांमध्ये ५० च्या खाली, बीपी १३०/८५ च्या वर, फास्टिंग शुगर १०० च्या वर. या पाचातल्या तीन जुळल्या तरी मेटाबॉलिक सिंड्रोम (डायबिटीस आणि हार्टच्या आजाराचा धोका वाढवणारा गट) म्हणतात. माझ्या चार जुळल्या होत्या.

मला पटेचना. दोन वर्षं मी तेल जवळजवळ बंद केलं होतं हो! भाज्या नुसत्या वाफवलेल्या, अंड्यातला पिवळा बलक काढून टाकायचा, दाणे-बदाम घरात आणायचेच नाहीत. मी म्हटलं, "डॉक्टर, मी फॅट खातच नाही, मग रक्तात एवढं फॅट आलं कुठून?" त्यांनी शांतपणे विचारलं, "तेल काढलंत ते ठीक. पण त्याच्या जागी काय आलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. घरी येऊन एक आठवडा सगळं लिहून काढलं तेव्हा कळलं. सकाळी कॉर्नफ्लेक्स आणि फळांचा रस, अकराला फॅट-फ्री बिस्किटं, जेवणात भाताचा डोंगर कारण तेलाशिवायच्या भाजीने पोट भरायचंच नाही, संध्याकाळी भाजलेला पांढरा पाव, रात्री फॅट-फ्री स्ट्रॉबेरी दही. त्या दह्याच्या डब्यामागचं लेबल मी दोन वर्षांत पहिल्यांदा वाचलं. लेबलवर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, सगळ्यात जास्त असलेला पहिला, आणि माझ्या दह्यात दुधानंतर लगेच दुसरी होती साखर, स्ट्रॉबेरी बिचारी पाचव्या नंबरला. दोन वर्षं मी ते पथ्य म्हणून खात होते.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी नीट समजावलं. शरीरात कार्ब (म्हणजे साखर आणि पिष्टमय पदार्थ) साठवायची जागा मर्यादित असते, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास. बसून काम करणाऱ्या माणसाची ती जागा रिकामीच होत नाही, मग वरून येणाऱ्या साखर-मैद्यातल्या काही भागाचं लिव्हर फॅट बनवतं आणि रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड म्हणून रिपोर्टात दिसतं त्यातला एक भाग हाच. म्हणजे मी फॅट खात नव्हते पण माझं लिव्हर ते बनवून देत होतं.

झालं, आता शत्रू सापडला असं वाटलं आणि मी थेट दुसऱ्या टोकाला गेले. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब. भात, पाव, बटाटा, डाळी, फळं सगळं बंद. अंडी, चीज, लोणी, चिकन, पालेभाज्या, कॉफीत क्रीम. पहिल्या आठवड्यात ३.२ किलो उतरलं आणि मला वाटलं जादूच आहे. ते बहुतेक पाणी होतं हे नंतर कळलं, साठवलेल्या कार्बच्या प्रत्येक ग्रॅमसोबत शरीर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, साठा संपला की पाणीही जातं. सोबत मीठही जातं, म्हणून ते दहा दिवस डोकं दुखणं, उभं राहिलं की गरगरणं वगैरे. पोट तर चार चार दिवस साफ व्हायचं नाही कारण फायबर गेलं होतं. पण भूक! भूक अशी शांत झाली की दुपारी तीनला बिस्किटाच्या डब्याची आठवणही यायची नाही, आणि हे श्रेय मी त्या डाएटला आजही देते.

याच काळात ग्लुकोमीटर आणला. कॉर्नफ्लेक्स आणि रस घेऊन एक तासाने मोजलं तर १८६, लोण्यातली अंडी खाऊन मोजलं तर १०४. मग काय, मी मीटरवर विश्वास टाकला. ज्याने आकडा हलत नाही ते चांगलं, एवढाच नियम. चमचाभर लोणी घातलं, आकडा हलला नाही, अजून चमचा घातलं, तरी नाही. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली असं मला आज वाटतं. मीटर साखर मोजतं, फॅट मोजतच नाही. लोणी त्याला दिसतच नाही, त्यामुळे तो सपाट आकडा म्हणजे सगळं आलबेल असा अर्थ मी लावायला नको होता.

साडेचार महिन्यांनी रिपोर्ट आला. वजन ६९. ट्रायग्लिसराइड ९४! इतकी खुश झाले की तिथूनच नवऱ्याला फोन लावला, एचबीएवनसी ५.५, एचडीएल ४२ असं एकेक वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता एलडीएलच्या ओळीवर आले. १८७. आधी ११८ होतं. तो म्हणाला, "अगं बोल ना, काय झालं?" मला बोलवेना. माझ्या घरात हार्टचा इतिहास आहे, जवळचं माणूस पन्नाशीत गेलंय, त्यामुळे तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नव्हता.

अशा वेळी दिलासा देणारे खूप भेटतात. ट्रायग्लिसराइड कमी असेल तर एलडीएल कितीही असू दे, काही होत नाही, असं मला तीन जणांनी सांगितलं. मनाला बरं वाटलं पण पटलं नाही. ज्यांना जन्मतःच आनुवंशिक कारणाने एलडीएल खूप जास्त असतं आणि ज्यांना वेळेत उपचार मिळत नाहीत त्यांना तरुणपणीच हार्टचा आजार गाठतो, आणि एलडीएल खाली आणणाऱ्या औषधांनी धोका कमी होतो, हे दोन्ही पक्कं माहीत असताना मी हा आकडा सोडून द्यायचा कुठल्या आधारावर? डॉक्टर म्हणाले वजन झपाट्याने उतरत असतानाही आकडे हलतात, थोडं थांबून परत करू. वजन स्थिर राहू दिलं, तीन आठवड्यांनी परत रक्त दिलं. १८१. म्हणजे खरंच होतं.

मग डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं, आणि त्यांनीही नेमका तोच प्रश्न विचारला: "भात-साखर काढलीत, त्या जागी काय आलं?" आता मात्र उत्तर माझ्याकडे तयार होतं, वहीत. रोज चार मोठे चमचे लोणी, पन्नास ग्रॅम चीज, दोन चमचे क्रीम. मॅडमनी माझ्यासमोर हिशोब मांडला. एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम लोणी, त्यात सॅच्युरेटेड फॅट (एलडीएल वाढवणारं फॅट) सुमारे ७ ग्रॅम, चार चमच्यांचं २८, चीजचं साधारण १०, क्रीमचं ७, झाले ४५. सॅच्युरेटेड फॅट दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा असं डब्ल्यूएचओ सांगते. मला रोज १७०० कॅलरी लागतात असं धरलं तर १७० कॅलरी, आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी म्हणजे १९ ग्रॅम. मी जवळपास अडीच पट खात होते, तेही फक्त या तीन पदार्थांतून.

दोन्ही वेळा मी काय काढायचं याचाच विचार केला, काय येतंय तिकडे बघितलंच नाही. फॅट काढून मैदा-साखर आणली तर ट्रायग्लिसराइड वर, मैदा-साखर काढून लोणी आणलं तर एलडीएल वर.

मग तिसरी सुरुवात. मॅडमनी कार्ब की फॅट या भांडणात न पडता आधी प्रोटीन ठरवलं, दिवसाला ८० ग्रॅम. ते एकदा पक्कं झालं की बाकीचं आपोआप आवाक्यात येतं, कारण पोट भरलेलं असतं. मग कार्ब १६० ग्रॅम, पण कुठून याला महत्त्व: डाळी, कडधान्यं, ओट्स, अख्खी फळं, भाज्या, आणि भात वाटीने मोजून. उरलेलं फॅट, ८० ग्रॅमच्या जवळपास, हो एवढं! टक्केवारीत बघाल तर कार्बपेक्षा फॅट किंचित जास्तच. मी घाबरले, पण ते फॅट आता बदाम, अक्रोड, शेंगदाणे, बिया, मासे, आणि स्वयंपाकाचं द्रवरूप तेल यातून येणार होतं. लोणी आठवड्यातून एखाद वेळा. अंड्याचा बलक परत आला. डाळी परत आल्या तेव्हा पोटही चौथ्या दिवशी ताळ्यावर आलं, ते सुख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

याच सुमारास एक अभ्यास वाचला, तो सांगते कारण त्याने माझा जीव शांत झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ लोकांना दोन गटांत वाटून वर्षभर एका गटाला लो-फॅट आणि दुसऱ्याला लो-कार्ब खायला सांगितलं. वर्षाने लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे फरक धरण्यासारखा नाहीच. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच: दोन्ही गटांना साखर आणि मैद्याचे पदार्थ टाळा आणि भाज्या भरपूर खा असं सांगितलेलं होतं. एकेका गटातली माणसं बघितली तर कुणाचं पंचवीस-तीस किलो कमी झालं तर कुणाचं वाढलंही. म्हणजे माझ्या मैत्रिणीला लागू पडलेलं प्रमाण मला पडेलच असं नाही, ते माझ्या रक्तावरच तपासायला हवं.

प्रत्यक्षात सगळ्यात जड गेलं ते तेल मोजणं. डोळ्याच्या अंदाजाने मी "एक चमचा" म्हणून कढईत ओतायचे, ते एकदा बाटली काट्यावर ठेवून बघितलं. ओतायच्या आधी ८१२ ग्रॅम, ओतल्यावर ७८१. म्हणजे ३१ ग्रॅम, पावणेतीनशे कॅलरी, आणि मी लिहीत होते १२०. चांगलं तेल असलं तरी ग्रॅमला ९ कॅलरी त्याच, त्यात सूट नाही. पण रोज प्रत्येक फोडणीला वजन करणं जमत नाही, म्हणून आता रविवारी सकाळी बाटली काट्यावर ठेवते, पुढच्या रविवारी परत ठेवते, फरकाला सातने आणि घरातल्या तीन माणसांनी भागते. एवढं पुरतं.

मीटर टाकून दिलं नाही, पण त्याला विचारायचे प्रश्न बदलले. तोच भात, तेवढाच, आधी भाजी आणि डाळ खाऊन शेवटी खाल्ला तर माझा एक तासाचा आकडा आधीपेक्षा २५-३० ने कमी येतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालले तर अजून कमी, कारण चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर उचलतात. हे दोन बदल फुकटचे आहेत आणि काही सोडावंही लागत नाही. फक्त ज्यात फॅट आणि कार्ब दोन्ही ठासून भरलेत, म्हणजे बिस्किटं, केक, चिप्स, आइसक्रीम, त्यांच्याशी माझा हिशोब कधीच जमला नाही. तिथे फॅटमुळे साखर हळू चढते म्हणून मीटर खोटा दिलासा देतं, आणि हात तर थांबतच नाही. ते घरात आणणं बंद केलं.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. तुम्ही इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर कार्ब एकदम कमी करू नका, आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आहेत त्यांच्यासोबत कडक लो-कार्ब केलं तर शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोकादायक त्रास, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मी कुठलंच औषध घेत नव्हते म्हणून माझा तो प्रयोग निभावला.

तीन महिन्यांनी रिपोर्ट: एलडीएल ११२, ट्रायग्लिसराइड ११८, एचबीएवनसी ५.६. तीन महिने एवढ्यासाठी की लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी एचबीएवनसी करून नवीन खाण्याचा नीट अंदाज येत नाही. आणि परवाचा: एलडीएल १०४, ट्रायग्लिसराइड १०९, एचडीएल ४६, फास्टिंग ९७, एचबीएवनसी परत ५.६. वजन ६८ वर थांबलंय, कंबर ८३.

डॉक्टरांनी तोच जुना कागद काढला, मागच्या पाच ओळींचा. ट्रायग्लिसराइड आणि शुगरवर काट मारली. एचडीएल ५० च्या खाली आहे आणि कंबर आशियाई बायकांसाठी धरतात त्या ८० च्या वर, म्हणून त्या दोन तशाच ठेवल्या. खाण्यात आता काही बदलू नका म्हणाले, व्यायामात वजन उचलणं वाढवा. आठवड्यातून तीन दिवस सुरू केलंय, अजून दंड दुखतात. पुढचं रक्त सहा महिन्यांनी.